जुनी बोट, पहिली लांबची सफर

शिडाची जुनी यॉट घेणाऱ्या नवख्या माणसांचा पैसा बहुतेक वेळा उलट्या क्रमाने खर्च होतो. आधी नवा चार्टप्लॉटर येतो, मग गाद्यांचे अभ्रे, मग बाहेरून चकचकीत पॉलिश. तळाचे व्हॉल्व्ह, डोलकाठीच्या तारा आणि डिझेलची टाकी यांची पाळी येईपर्यंत मोसम अर्धा सरलेला असतो आणि हातही आखडलेला असतो. तो क्रम सरळ करावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

उदाहरण म्हणून मुंबई ते गोवा ही सफर समोर ठेवू. तीस-बत्तीस फुटांची, पंचवीस-तीस वर्षं जुनी फायबरग्लासची बोट आणि तिच्यावर तिघं, ज्यांनी आजवर सकाळी निघून संध्याकाळी परतण्यापलीकडे काही केलेलं नाही. अंतर सुमारे २२० सागरी मैल. ताशी पाच मैलांच्या चालीने न थांबता गेलं तरी दोन दिवस आणि किमान एक रात्र. नवख्यांसाठी ही खरोखरच लांबची सफर आहे, आणि नीट तयारी केली तर त्यांच्या आवाक्यातली आहे.

बोट जुनी असणं हा दोष नव्हे. एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत १९८८ च्या आधीच्या आराखड्याच्याच बोटी चालतात. २०२२-२३ च्या शर्यतीत १६ जण निघाले, मूळ नियम पाळून तिघेच पोहोचले, आणि त्यांत दुसरे आले आपल्या नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी, रस्टलर ३६ जातीच्या बोटीवर. जुना आराखडा आणि जाड तळ समुद्राला पुरून उरतात. धोका असतो तो न पाहिलेल्या भागांचा.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या म्हादेईवरून गेले, ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली गेली, आणि त्या बांधणीत दोंदे स्वतः सामील होते. बोटीत कुठे काय आहे हे त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नव्हतं. तुमची जुनी बोट तुमच्या डोळ्यांदेखत बांधली गेलेली नाही. म्हणून ती उघडून पाहावी लागते. जो भाग तुम्ही स्वतःच्या हाताने उघडून, पुसून, पुन्हा बसवलेला नाही, त्याच्यावर समुद्रात विसंबू नका. पुढचं सगळं या एका वाक्याचा तपशील आहे.

मोसमाचं वेळापत्रक

कोकणातले मच्छीमार पावसाळ्यात होड्या वर ओढतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात डागडुजी होते, जाळी विणली जातात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून नवा मोसम सुरू होतो. नवख्या यॉटवाल्यांनी हेच वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवावं.

मे महिन्यात बोट पाण्याबाहेर काढा. तळ धुऊन कोरडा होऊ द्या आणि फायबरचं, रेझिनचं काम पाऊस यायच्या आत संपवा. ओल्या हवेत रेझिन आणि रंग नीट धरत नाहीत, त्यामुळे जूनमध्ये घाईने केलेलं काम पुढच्या वर्षी पुन्हा करावं लागतं. पावसाळ्यात ताडपत्रीखाली आतली कामं करा: वायरिंग, इंजिन, पंप, पाइप. पाऊस ओसरल्यावर तळाला शेवाळ-शिंपले न धरणारा रंग लावून बोट पाण्यात उतरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर चाचण्यांसाठी ठेवा आणि सफर डिसेंबर ते फेब्रुवारीत करा.

चाचण्यांच्या महिन्यांत हवामानाकडे नीट लक्ष हवं, कारण पावसाळ्यानंतर अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात. २००९ च्या नोव्हेंबरात फयान आपल्याच किनाऱ्यावर येऊन धडकलं. २०१७ च्या डिसेंबरात ओखीच्या वेळी दक्षिणेकडच्या कितीतरी मासेमारी बोटींना देवगड बंदरात आसरा घ्यावा लागला. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटा-वाऱ्याचा अंदाज निघण्याआधी आठवडाभर रोज वाचत चला. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्यातूनच कळू लागतो.

हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो. दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो आणि सूर्य बुडाल्यावर उतरतो. म्हणजे गोव्याकडे जाताना दुपारचा वारा पाठीवर असतो, आणि मुंबईला परतताना तोच तोंडावर येतो. पुष्कळ नवखे जाण्याचाच बेत आखतात. परतीची निम्मी वाट पहाटेच्या मतलईवर आणि इंजिनावर काढावी लागेल, वेळ दुप्पट लागेल, हे आधीच ठरवा. नाहीतर बोट गोव्यातच सुरक्षित ठिकाणी ठेवून परतायचं आणि पुढच्या मोसमात तिला आणायचं.

पाणी बाहेर ठेवणं

आपल्या बोटीच्या तळाला किती भोकं आहेत, हे बहुतेक नव्या मालकांना सांगता येत नाही. इंजिन थंड ठेवणारं पाणी आत घेणारं एक, शौचालयाची दोन, बेसिनचं एक, कॉकपिटमधलं पाणी बाहेर सोडणारी दोन, शिवाय खोली आणि वेग मोजणाऱ्या यंत्रांची. प्रत्येकाची जागा बोटीच्या आराखड्यावर काढा आणि तो कागद चार्टच्या टेबलाजवळ चिकटवा. पाण्याच्या रेषेखाली अर्ध्या मीटरवर चार सेंटिमीटर व्यासाचं एक भोक उघडं पडलं, तर मिनिटाला शंभर लिटरहून जास्त पाणी आत येतं. अशा वेळी फळ्या उचकटून शोधत बसायला फुरसत मिळत नाही.

या भोकांवर बसवलेला व्हॉल्व्ह म्हणजे सीकॉक. बोट पाण्याबाहेर असतानाच प्रत्येकाची मूठ पूर्ण बंद आणि पूर्ण उघडी करून पाहा. जो फिरत नाही तो असून नसल्यासारखा. मग पाइप सोडवा आणि चाकूच्या टोकाने धातू थोडा खरवडा. आतून स्वच्छ पिवळी चमक आली तर ठीक. गुलाबी, तांबूस आणि भुसभुशीत लागलं तर समजा, पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लं आहे आणि मागे सच्छिद्र तांबं उरलं आहे. असा सीकॉक वरून धडधाकट दिसतो आणि एखाद्या दिवशी पाय लागला की तुटून हातात येतो. तो काढून ब्राँझचा किंवा समुद्री वापरासाठीच बनवलेला कंपोझिटचा बसवा. साधं पितळ पाण्याच्या रेषेखाली पुन्हा लावू नका, दुकानदार कितीही खात्री देवो.

पाइपांच्या क्लिपांनाही हाच नियम. बाजारातल्या पुष्कळ क्लिपांचा पट्टा स्टेनलेसचा आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असतो. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. स्क्रू पटकन चिकटला तर ती क्लिप परत करा. पाण्याखालच्या प्रत्येक पाइपाला, नळीची मान पुरेशी लांब असेल तिथे, दोन-दोन क्लिपा लावा आणि प्रत्येक सीकॉकशेजारी त्याच्या मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवा. बूच कपाटात ठेवलं तर गरजेच्या वेळी सापडणार नाही.

मग कील, म्हणजे तळाखालचा जड कणा. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाच्या पोकळीत, दिसणाऱ्या नटांवर गंजाचे ओघळ आहेत का, बाहेरून कील आणि तळ यांच्या सांध्यात चीर आहे का, हे पाहा. आधीच्या मालकाने बोट कधी खडकावर घातली होती का, हे स्पष्ट विचारा. सुकाणू दोन्ही हातांनी धरून आडवं-उभं हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग झिजलेलं आहे. सुकाणूच्या पात्यातून तपकिरी पाणी झिरपत असेल तर आतला धातूचा सांगाडा गंजतोय, आणि त्याची दुरुस्ती निघण्याआधीच व्हायला हवी. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यावरचं पॅकिंग जुन्या पद्धतीचं असेल तर इंजिन चालू असताना मिनिटाला काही थेंब पडणं बरोबर आहे. धार लागणं बरोबर नाही, आणि अगदीच कोरडं असणंही बरोबर नाही, कारण मग दांडा तापतो.

तळावर फोड दिसले की नवख्यांची गाळण उडते. फायबरमध्ये मुरलेल्या ओलाव्याने हे फोड येतात. थोडे असतील तर ती पुढच्या वर्षी सावकाश करण्याजोगी दुरुस्ती आहे, त्यासाठी सफर रद्द करायचं कारण नाही. पैसे मोजकेच असतील तर ते आधी सीकॉक, कील आणि सुकाणू यांवर घाला.

बिल्जमध्ये आपोआप चालू होणारा एक विजेचा पंप हवा आणि कॉकपिटमध्ये बसून चालवता येईल असा एक हातपंप हवा. दोन्ही बसवल्यावर बिल्जमध्ये पाच-सहा बादल्या पाणी ओता आणि खरोखर उपसून पाहा. डब्यावर लिहिलेली ताकद आणि लांब, वळणदार पाइपातून प्रत्यक्ष बाहेर पडणारं पाणी यांत बरंच अंतर असतं.

डोलकाठी आणि शिडं

डोलकाठीला उभं धरणाऱ्या पोलादी तारांचं वय विचारा. मालकाला ते सांगता आलं नाही, किंवा त्या दहा-बारा वर्षांपूर्वीच्या निघाल्या, तर बदलायचा खर्च धरूनच चाला. वय कमी असलं तरी हातात जाड मोजा घालून प्रत्येक तारेवरून सुती कापड फिरवा. एखादा धागा तुटला असेल तर कापड तिथे अडकतं. तुटलेला एक धागा म्हणजे संपूर्ण तार बदलण्याची सूचना. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या सांध्यांवर बारीक उभी चीर आहे का, हे भिंगातून पाहा.

या तारा डेकला जिथे धरतात त्या पट्ट्या, म्हणजे चेनप्लेट, जुन्या बोटीवरची सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू. डेकच्या वर आणि केबिनच्या आत ती चकचकीत दिसते. झीज होते ती डेकमधून जाते त्या दोन-तीन सेंटिमीटरांत. तिथे ओल साचते, हवा पोहोचत नाही, आणि हवेवाचून स्टेनलेस स्टीलही आतून सडतं. केबिनमध्ये चेनप्लेटखाली लाकडावर तपकिरी ओघळ दिसला तर पट्टी बाहेर काढल्याशिवाय निघू नका. डोलकाठीच्या बाकी तारा ढिल्या न करता, एका वेळी एकच पट्टी काढा, पुसा, भिंगाखाली धरा. खड्डे किंवा चीर दिसली तर तशीच नवी, त्याच जाडीची किंवा थोडी जाड, करून घ्या. पुन्हा बसवताना डेकवरचं सीलंट पूर्ण नवं लावा. डेकच्या आतलं लाकूड भिजलेलं आहे का, हे हातोडीच्या मुठीने ठोकून कळतं. कोरडी जागा टणटण वाजते, भिजलेली बद्द.

शिडांचं कापड टिकतं, शिवण आधी जाते. उन्हाने दोरा कुजतो. शिवणीवर नख जोरात घासा. दोरा तुटला तर शीड शिवायला टाका. दोन ठिकाणी शीड आखडून घ्यायची सोय, म्हणजे रीफ, आहे का ते पाहा आणि धक्क्याला बांधलेल्या बोटीवर शांत हवेत ते दहा वेळा करा. पंधरा नॉट्सचा वारा असताना ज्याला शीड आखडता येत नाही, त्याला पंचवीस नॉट्सला मुळीच येणार नाही.

दक्षिणेकडे जाताना वारा मागून असेल, आणि नवख्यांना सगळ्यांत जास्त इजा इथेच होते. बोट थोडी वळली की बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालची आडवी काठी, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सपाट्याने येते. तिच्या वाटेत डोकं असेल तर जिवावर बेततं. बूमच्या टोकापासून नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, नेलेली एक जाड दोरी तिला जागेवर धरून ठेवते. ती कायम बांधलेली ठेवा आणि कॉकपिटमधून सोडता येईल अशी न्या. मागचा वारा वाढू लागला की मोठं शीड आधीच आखडा. पुढच्या शिडावरच बोट सुखाने चालते.

इंजिन आणि डिझेल

वारा पडल्यावर खाडीत शिरायला इंजिनच लागतं. जुन्या बोटींची इंजिनं क्वचितच स्वतःहून दगा देतात. दगा देतं टाकीतलं डिझेल. वर्षानुवर्षं टाकीत ओलावा जमतो, ओलाव्यात जंतू वाढतात आणि तळाशी काळा, चिकट गाळ बसतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीत तो शांत असतो. बाहेर लाटांत बोट हेलकावू लागली की गाळ उठतो, फिल्टर भरतो आणि खडकांच्या तोंडाशी इंजिन बंद पडतं. म्हणून टाकी रिकामी करा, तिच्या वरचं झाकण उघडून तळ हाताने पुसून काढा आणि ताजं, गाळलेलं डिझेल भरा. पाणी वेगळं करणाऱ्या पहिल्या फिल्टरची काचेची वाटी रोज सकाळी पाहायची सवय लावा.

फिल्टर बदलला की इंजिन हवा धरतं. शेतावरच्या डिझेल पंपावर काम केलेल्यांना हे माहीत असतं. बाकीच्यांनी शिकून घ्यावं, कारण ही एक गोष्ट येत असेल तर निम्मे प्रसंग तुम्ही स्वतः निस्तरता. बारीक फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू एक-दोन फेरे सैल करा, खाली फडकं धरा, डिझेल ओढणाऱ्या पंपाची हाताची दांडी वर-खाली करत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांसह डिझेल, मग सलग धार. धार सलग झाली की दांडी चालू असतानाच स्क्रू घट्ट करा. मग हेच इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला. काही इंजिनांना इंजेक्टरचे नटही सैल करावे लागतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत क्रम दिलेला असतो. मेकॅनिककडून एकदा दाखवून घ्या, दुसऱ्यांदा तो पाहत असताना करा, तिसऱ्यांदा रात्री डोक्याला टॉर्च बांधून एकट्याने करा.

बरोबर घ्यायच्या सुट्या भागांची यादी छोटी आहे: दोन्ही प्रकारचे फिल्टर तीन-तीन, थंड पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर आणि त्याचं गॅस्केट, पट्टे, इंजिन ऑइल, अ‍ॅनोडसाठी जस्ताचे ठोकळे. प्रत्येक भाग आणल्यावर एकदा बसवून पाहा. चुकीच्या मापाचा इम्पेलर दाभोळच्या खाडीत कळण्यापेक्षा मुंबईत कळलेला बरा.

नांगर

नवखे नांगर टाकतात आणि पुरेशी साखळी सोडत नाहीत. मोजायचं ते असं. ओहोटीच्या वेळी तुम्ही चार मीटर पाण्यात पोहोचलात. भरतीला पाणी आणखी तीन मीटर चढणार. नाळ पाण्यावर एक मीटर उंच आहे. बेरीज आठ मीटर, आणि त्याच्या पाचपट म्हणजे चाळीस मीटर साखळी. चार मीटर खोलीकडे पाहून वीस मीटर सोडणाऱ्याचा नांगर मध्यरात्री भरतीबरोबर उचलला जातो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं-उतरतं, अष्टमीच्या आसपास भांगाला कमी. सफरीच्या तारखा ठरवताना पंचांग आणि भरती-ओहोटीचं कोष्टक दोन्ही समोर ठेवा.

साखळीचं शेवटचं टोक बोटीला दोरीने बांधा, शॅकलने नको. नांगर सोडून पळायची वेळ आलीच तर चाकूने दोरी कापता आली पाहिजे. दुसरा नांगर तळाच्या कप्प्यात गाडून न ठेवता हाताशी ठेवा.

दिवे, संपर्क, आग

जुन्या बोटीतली वायरिंग अनेक मालकांनी थोडी थोडी जोडत नेलेली असते. कशाला न जोडलेल्या वायरी ओढून काढून टाका, उरलेल्यांवर चिठ्ठ्या लावा, प्रत्येक सर्किटला फ्यूज लावा. डोलकाठीवरचा दिवा एलईडीचा करा, म्हणजे रात्रभर जळूनही बॅटरी उतरत नाही.

व्हीएचएफ रेडिओ चॅनेल १६ वर सतत चालू ठेवा. किनाऱ्याजवळ मोबाइल लागतो म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. मात्र तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपीआयआरबी, म्हणजे संकटाचा संकेत उपग्रहाकडे पाठवणारा बीकन, घ्या आणि तो स्वतःच्या नावावर, घरच्यांच्या फोन नंबरसह नोंदवा. नोंदणी नसली तर संकेत पोहोचतो, पण कुणाला शोधायचं हे कळायला वेळ जातो. डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे कागदी नकाशेही बरोबर हवेत, स्क्रीन बंद पडेल त्या दिवसासाठी.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बिल्जमध्ये जाऊन बसतो आणि एका ठिणगीने पेटतो. सिलिंडर बाहेर, ज्याचं भोक समुद्राकडे उघडतं अशा कप्प्यात ठेवा, आणि चहा झाला की रेग्युलेटर बंद, हा नियम सगळ्यांसाठी.

माणसं

बोट जितकी तयार हवी तितकीच माणसंही. तिघं असाल तर रात्री तीन-तीन तासांच्या पाळ्या ठेवा आणि पाळी संपलेल्याने खरोखर झोपावं. थकलेला माणूस दिवा चुकीचा ओळखतो, चुकीची दोरी सोडतो. अंधार पडल्यावर लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आणि त्याचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय कॉकपिटबाहेर कुणी जायचं नाही, मग समुद्र तळ्यासारखा का असेना. रात्री पाण्यात पडलेल्या माणसाला परत आणणं नवख्यांना जवळजवळ अशक्य असतं. त्याला पडूच न देणं हाच उपाय.

मळमळीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि आदल्या रात्रीपासून सुरू करा. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. पहिल्या दिवसाचं जेवण घरून न्या: दशम्या, धपाटे, चटणी, उकडलेले बटाटे, केळी. हेलकावणाऱ्या केबिनमध्ये पहिल्याच संध्याकाळी फोडणी द्यायची वेळ येऊ नये. पिण्या-जेवणाचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, आणि त्यातलं निम्मं वेगळ्या कॅनमध्ये भरा. जुन्या टाकीचं पाणी कधी बिघडेल, सांगता येत नाही.

छोट्या फेऱ्या

यार्डात सगळं ठीक दिसतं; बोट वाकल्यावर, भिजल्यावर आणि हादरल्यावर खरं कळतं. म्हणून टप्प्याने जा. आधी मुंबई बंदराच्या आतच दिवसभराची फेरी. मग मांडव्याला नांगर टाकून एक रात्र. मग दिवसा खांदेरीला वळसा घालून परत. शेवटी एक पूर्ण रात्र बाहेर, पाळ्या लावून. प्रत्येक फेरीनंतर वहीत दोन याद्या करा: काय बिघडलं, आणि अंधारात काय सापडलं नाही. पुढच्या फेरीआधी दोन्ही याद्या संपल्या पाहिजेत. याद्या आखूड होऊ लागल्या की समजा, बोट आणि माणसं एकमेकांना ओळखू लागली आहेत.

याच काळात कागदपत्रं उरकून घ्या: नोंदणी, विमा, सगळ्यांची ओळखपत्रं, आणि ज्या बंदरांत थांबणार तिथल्या अधिकाऱ्यांना व तटरक्षक दलाला सफरीची लेखी कल्पना. किनारी सुरक्षा कडक आहे आणि अनोळखी शिडाची बोट दिसली की चौकशी होणारच. कागद हाताशी असले की ती चौकशी पाच मिनिटांत संपते.

वाटेवर

पहिल्या सफरीत रात्र समुद्रावर काढायची सक्ती नाही. मुंबईहून निघून राजपुरीची खाडी, मग पहाटे लवकर निघून जयगड, मग रत्नागिरी, विजयदुर्ग किंवा देवगड, आणि तिथून गोवा, असे टप्पे पडतात. राजपुरी ते जयगड साधारण साठ मैल, म्हणजे बारा तास. देवगड ते आग्वाद जवळपास तेवढंच. खाडीच्या तोंडाशी बहुतेक ठिकाणी वाळूचा बांध असतो. तिथे दिवसा, चढत्या भरतीला शिरा. अंधार पडला तर बाहेरच, खोल पाण्यात, सकाळ होईपर्यंत थांबा. मालवणजवळचा समुद्र खडकाळ आहे. स्थानिक माहीतगार बरोबर नसेल तर पहिल्या वेळी तिथे शिरण्याचा मोह टाळा आणि वेंगुर्ला रॉक्स बाहेरच्या बाजूने ओलांडा.

सगळ्यांत मोठी काळजी जाळ्यांची. मुंबई-रायगडच्या पट्ट्यात समुद्रात खुंट ठोकून डोल जाळी लावलेली असतात. पुढे दक्षिणेला रात्री तरंगती जाळी असतात आणि छोट्या होड्यांवर कधी एखादाच दिवा असतो, कधी तोही नाही. एआयएसच्या, म्हणजे आसपासची जहाजं दाखवणाऱ्या यंत्रणेच्या, स्क्रीनवर यांतल्या बहुतेक दिसत नाहीत. डोळ्यांनीच पाहावं लागतं. कुणी टॉर्च हलवून खूण केली तर ती जाळ्याची सूचना समजा आणि दाखवलेल्या बाजूने वळा. जाळं पंख्यात अडकलं तर इंजिन ताबडतोब बंद करा. आणि ते कापण्याआधी हे लक्षात असू द्या की ते कुणाच्या तरी घराचं उत्पन्न आहे. बोलून सोडवता आलं तर सोडवा, कापावंच लागलं तर भरपाई द्या. बंदरात शिरल्यावर तिथल्या तांडेलाला वाऱ्या-पाण्याचं विचारा. त्याच्याकडून कळेल ते कोणत्याही ॲपवर मिळणार नाही.

निघायचं की थांबायचं

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तिघांनी बसून पाच प्रश्नांची उत्तरं द्यावीत. प्रत्येक सीकॉक अंधारात हाताने सापडतो का? शीड पाच मिनिटांत आखडता येतं का? फिल्टर बदलून इंजिनातली हवा काढता येते का? नांगराला किती साखळी आहे, हे ती शेवटपर्यंत मोजून माहीत आहे का? पुढच्या तीन दिवसांच्या अंदाजात वारा तुम्ही चाचणीत अनुभवलेल्या वाऱ्यापेक्षा जास्त आहे का? पहिल्या चारांना तिघांपैकी किमान दोघांचं हो हवं आणि पाचव्याला नाही. तसं नसेल तर निघू नका.

म्हणूनच रजा सलग, पुढे-मागे चार दिवस मोकळे ठेवून घ्या आणि परतीचं तिकीट गोव्यात पोहोचल्यावर काढा. सोमवारी कामावर हजर व्हायचंय म्हणून रविवारी खवळलेल्या समुद्रात शिरणाऱ्यांच्या बोटी बहुतेक वेळा चांगल्याच असतात; चुकलेला असतो तो निर्णय. जयगडला पोहोचून हवा बिघडली, तर बोट तिथे सुरक्षित नांगरून एसटीने घरी या आणि पंधरा दिवसांनी उरलेली वाट पुरी करा. अशी दोन तुकड्यांत झालेली पहिली सफरही पूर्ण सफरच आहे. बोट धड आहे, माणसं धड आहेत आणि पुन्हा निघायची इच्छा शाबूत आहे, एवढं साधलं की तयारीचं चीज झालं.